आकडा नावातून बाहेर काढा

या महिन्याच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची निघाली : व्हेरिएबलच्या, म्हणजे किंमत ठेवायच्या नावाच्या, शेवटी आकडे लावून नावांची रांग करायची. म्हणून सगळं सदर त्यालाच देते. आधी छपाईबद्दल एक सूचना. इथले बहुतेक नमुने पायथन ३ या प्रोग्रॅमिंग भाषेतले आहेत, पण अंकात ते देवनागरीत छापले आहेत. स्वतःच्या मशीनवर चालवून बघताना फॉर, इन, इफ, प्रिंट हे पायथनचे स्वतःचे शब्द आणि सगळे आकडे रोमन लिपीत टाइप करा. पाऊस, तारीख अशी आपण दिलेली नावं देवनागरीत ठेवलीत तरी पायथन ३ ती बिनतक्रार घेतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. गच्चीत पर्जन्यमापक बसवला आहे आणि रोज सकाळी आठ वाजता मिलिमीटरमध्ये नोंद घेतो. महिन्याचा हिशेब पायथनमध्ये करावा म्हणून पाऊस१, पाऊस२ असं करत पाऊस३१ पर्यंत व्हेरिएबल्स केली. बेरजेची ओळ स्क्रीनच्या बाहेर गेली, तरी बेरीज आली. आता सगळ्यात जास्त पाऊस कोणत्या तारखेला झाला ते काढायचं आहे. एकतीस इफ लिहायला घेतले आणि नवव्याला थांबलो. लूप फिरवून ही नावं आपोआप तयार करता येतील का? 'पाऊस' या शब्दाला क्रमांक जोडून बघितला, पण त्यातून नुसता मजकूर मिळतो, त्या नावाची किंमत मिळत नाही. एका मित्राने एक्झेक, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणारं फंक्शन, वापरायला सांगितलं. ते चाललं, पण मनाला पटलं नाही.
— निवृत्तीनंतर प्रोग्रॅमिंग शिकणारा एक वाचक

उत्तर : तुमच्या मनाला पटलं नाही ते बरोबरच आहे. आणि नवव्या इफला थांबलात हेही फार चांगलं झालं. एकतीसही लिहून झाले असते तर ते मोडायला हात धजला नसता.

तुमच्या डोळ्यांना पाऊस७ आणि पाऊस८ शेजारी दिसतात. सातव्या दिवसानंतर आठवा येतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पायथनला त्यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या लेखी पाऊस७ हे एक अख्खं नाव आहे आणि पाऊस८ हे दुसरं, जसं एखाद्या वर्गात दोन मुलांची नावं योगायोगाने सारखी सुरू व्हावीत तसं. शेवटचा ७ हा आकडा आहे हे ते पाहतच नाही. याचा पुरावा देवनागरीतच बघायला मिळतो. पायथनमध्ये ४२ ही संख्या देवनागरी अंकांत थेट लिहून बघा, ते लगेच चूक दाखवेल, कारण संख्या लिहायला त्याला रोमन अंकच लागतात. पण पाऊस१ हे नाव मात्र ते निमूट स्वीकारतं. नावातला १ त्याच्यासाठी संख्या नाहीच, 'क' किंवा 'ख' सारखं एक अक्षर आहे. मग ज्याला ते अक्षर समजतं, त्यात एक मिळवून पुढच्या नावाकडे ते जाणार कसं?

म्हणून तो आकडा नावातून बाहेर काढायचा आणि जिथे पायथनला तो आकडा म्हणून कळेल अशा जागी ठेवायचा. ती जागा म्हणजे लिस्ट. नाव एकच, पाऊस, आणि त्यात ओळीने सगळ्या किमती. पहिल्या दहा दिवसांपुरतं दाखवते, आकडे मी मनाने घेतले आहेत :

पाऊस = [१२, ०, ३, ४५, ८, ०, ०, ०, २१, ६]

आता तुमची स्क्रीनबाहेर गेलेली बेरीज सम(पाऊस) एवढ्यात होते, उत्तर ९५. किती दिवसांच्या नोंदी आहेत ते लेन(पाऊस) सांगतं, म्हणजे सरासरी सम(पाऊस) / लेन(पाऊस), ९.५. तीस दिवसांचा महिना असो की एकतीस, या ओळींना हात लावावा लागत नाही. तुमच्या आधीच्या प्रोग्राममध्ये महिना बदलला की बेरजेची ओळ बदलायची, भागाकारातला ३१ बदलायचा, आणि कुठेतरी एक जागा हमखास राहायची.

सर्वात जास्त पावसाची तारीख अशी :

फॉर तारीख, मिमी इन एन्युमरेट(पाऊस, १):
    इफ मिमी == मॅक्स(पाऊस):
        प्रिंट(तारीख, मिमी)

उत्तर येईल ४ ४५. चार तारखेला पंचेचाळीस मिलिमीटर. एन्युमरेट लिस्टमधली एकेक किंमत काढून देतं आणि सोबत तिचा क्रमांकही. शेवटी लिहिलेल्या १ चा अर्थ मोजणी एकपासून सुरू कर. दोन दिवस सारखाच पाऊस पडला असेल तर दोन्ही तारखा छापल्या जातील, हा या पद्धतीचा फायदा. पाऊस.इंडेक्स(४५) असं एका ओळीतही विचारता येतं, पण त्याला पहिलाच सापडतो आणि उत्तर येतं ३. चारऐवजी तीन का, ते पुढच्या पत्रात येतंच आहे.

बेरीज आणि मोठ्यात मोठी किंमत एवढ्यापुरतंच असतं तर एखादा म्हणेल, मी बसून एकतीस इफ लिहीन. खरी गंमत पुढे आहे. पाऊस मोजणाऱ्या माणसाला लवकरच प्रश्न पडतो की सलग किती दिवस कोरडे गेले. एकतीस सुट्या नावांनी हे लिहून बघा, जमणार नाही, कारण 'सलग' या शब्दाला शेजार लागतो आणि सुट्या नावांना शेजारीच नसतो. लिस्टला असतो :

कोरडे = ०
सर्वाधिक = ०
फॉर मिमी इन पाऊस:
    इफ मिमी == ०:
        कोरडे = कोरडे + १
        सर्वाधिक = मॅक्स(कोरडे, सर्वाधिक)
    एल्स:
        कोरडे = ०

वरच्या दहा नोंदींवर बोट फिरवत चला. १२, कोरडे शून्यच. पुढचा ०, कोरडे एक, सर्वाधिक एक. मग ३ आला, कोरडे पुन्हा शून्य. ४५ आणि ८ ला तेच. मग तीन शून्यं ओळीने : एक, दोन, तीन. सर्वाधिक तीनवर पोचलं आणि २१ आल्यावर कोरडे परत शून्य झालं तरी सर्वाधिक तीनच राहिलं. सहा, सात आणि आठ तारीख. कागदावर असं एकदा केलंत की लूप कायमचा हातात बसतो, मी आजही नवा लूप असाच तपासते.

आता एक्झेकबद्दल. मजकूर जोडून 'पाऊस७ = २१' अशी ओळ तयार करायची आणि एक्झेकला ती चालवायला द्यायची, हे तुमच्या मित्राने सुचवलं. नाव तयार होतं, पण अडचण तिथेच राहते. ती किंमत परत वाचायला पुन्हा मजकूर जोडायचा, बेरजेला पुन्हा, तुलनेला पुन्हा. शिवाय हाच कोड उद्या एखाद्या फंक्शनच्या आत नेलात की एक्झेकने केलेलं पाऊस७ पुढच्याच ओळीला सापडत नाही, आणि असं नाव माहीत नाही अशी एरर येते, कारण फंक्शनमधली स्थानिक नावं कोणती हे पायथन तो मजकूर चालण्याआधीच ठरवून बसलेलं असतं. ग्लोबल्स नावाची जी दुसरी युक्ती सांगतात, तिच्यात तर तुम्ही नकळत डिक्शनरीच, म्हणजे नावावरून किंमत देणारी यादीच, वापरत असता, फक्त प्रोग्रामची स्वतःची सगळी नावं जिथे ठेवलेली असतात त्या डिक्शनरीत आपले आकडे कोंबता. त्यापेक्षा आपली स्वतःची लिस्ट शंभर पटीने बरी.

मी हे इतकं जीव तोडून सांगते याला कारण आहे. माझ्या पहिल्या नोकरीत एका प्रयोगशाळेतल्या शीतकपाटात बारा तापमापक लावलेले होते आणि त्यांची सरासरी काढायची स्क्रिप्ट माझ्याकडे होती. मी त१ ते त१२ अशी नावं दिली आणि बेरीज हाताने लिहिली. कॉपी-पेस्ट करताना त७ दोनदा आलं, त८ आलंच नाही. बारा आकड्यांची बेरीज, भागिले बारा, उत्तर अगदी विश्वासार्ह दिसणारं. एरर नाही, इशारा नाही. आठवा तापमापक दाराजवळचा होता आणि दाराचं रबर सैल होऊन तिथलं तापमान हळूहळू चढत होतं. तेच एक तापमान माझ्या सरासरीत नव्हतं. पुढे एकाने दुरुस्तीसाठी आठव्याची वायर काढली, आणि सरासरी शतांशानेही हलली नाही, तेव्हा त्याने मला बोलावलं. कोड छापून, पट्टी ठेवून एकेक नाव वाचत गेले. 'त६ + त७ + त७ + त९'. ती ओळ मला अजून दिसते. तोवर त्या कपाटातले बरेच नमुने टाकून द्यावे लागले होते. सम(तापमान) लिहिलं असतं तर सात दोनदा आणि आठ शून्य वेळा, हे घडणं शक्यच नव्हतं.

तुमच्या नोंदींबद्दल दोन गोष्टी राहिल्या. आकडे प्रोग्राममध्ये लिहू नका, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दर ओळीला एक असे ठेवा आणि तिथून लिस्टमध्ये भरा :

पाऊस = []
फॉर ओळ इन फाइल:
    पाऊस.अपेंड(फ्लोट(ओळ))

अपेंड म्हणजे शेवटी जोड, फ्लोट म्हणजे मजकुराची दशांश संख्या कर. आणि मघाशी सांगितलं त्याच्या उलट एक सुखद गोष्ट : फाइलमधले आकडे तुम्ही देवनागरीत लिहिलेत तरी इंट आणि फ्लोट ही दोन्ही फंक्शन्स ते बरोबर वाचतात. फाइल मात्र यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरं नीट साठवणाऱ्या पद्धतीत, सेव्ह करा आणि ओपन करताना एन्कोडिंग तेच आहे असं सांगा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या दिवशी नोंद घ्यायची राहिली तिथे ० लिहू नका. शून्य ही नोंद आहे, पाऊस पडला नाही असं ती सांगते. राहिलेल्या दिवसासाठी पायथनमध्ये नन, म्हणजे 'काहीच नाही', आहे, तो ठेवा. फाइलमध्ये त्या दिवशी एक आडवी रेघ मारा आणि ती ओळ वाचताना फ्लोटऐवजी नन जोडा. मग सम थेट चालणार नाही, ते एरर देईल, आणि ती एरर तुमच्या भल्याचीच आहे. त्या वेळी आधी नोंद झालेले दिवस वेगळे काढा : नोंदलेले = [म फॉर म इन पाऊस इफ म इज नॉट नन], आणि बेरीज, मोठ्यात मोठी किंमत, सरासरी सगळं याच लिस्टवर करा. तारखा मात्र मूळ लिस्टवरूनच मोजा, गाळलेल्या लिस्टमध्ये त्या सरकलेल्या असतात.

प्रश्न : लिस्टमधली पहिली वस्तू शून्य क्रमांकाची का? मी दर वेळी चुकते. आता मी पहिल्या जागी एक खोटा ० टाकून ठेवते, म्हणजे खरी मोजणी एकपासून सुरू होते. हे चालेल का?
— अकरावीतली एक विद्यार्थिनी

उत्तर : चालतं, पण सोड ती सवय. त्या खोट्या शून्यामुळे लेन एकने जास्त येतं आणि सरासरी गुपचूप खाली जाते. तू ती चूक शोधत बसशील आणि सापडायला दिवस जाईल.

शून्याकडे 'कितवा' म्हणून बघू नकोस, 'सुरुवातीपासून किती पावलं' म्हणून बघ. रांगेत पहिल्या माणसापर्यंत पोचायला सुरुवातीपासून शून्य पावलं, दुसऱ्यापर्यंत एक. पायथनमध्ये लिस्टच्या जागा मेमरीत सलग असतात, त्यामुळे कोणतीही जागा शोधायला सुरुवातीच्या पत्त्यात तेवढी पावलं मिळवली की झालं. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ साली यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. त्याचा मुद्दा असा की सुरुवातीचा क्रमांक धरावा आणि शेवटचा धरू नये, म्हणजे दोन्हींची वजाबाकी केली की नेमकी लांबी मिळते, आणि मग मोजणी शून्यापासून करणंच सोयीचं ठरतं. पायथनची रेंज अशीच वागते : रेंज(३, ७) मध्ये ३, ४, ५, ६, म्हणजे सात वजा तीन, चार क्रमांक.

सगळ्या भाषांनी हे मानलेलं नाही. लुआमध्ये लिस्ट एकपासून मोजतात, फोर्ट्रानमध्येही तसं सांगितलं नाही तर एकपासूनच. त्यामुळे यात एक बरोबर आणि दुसरं चूक असं काही नाही, आपण ज्या भाषेत आहोत तिची रीत पाळायची. तुला एकपासूनचे क्रमांक छापून हवे असतील तर वरच्या उत्तरातलं एन्युमरेट वापर. आणि शेवटची वस्तू हवी असेल तर उणे एक क्रमांक दे, गुण[-१]. लांबी मोजून एक वजा करायची गरजच नाही.

लूपमध्ये सगळे आय हेच अक्षर का वापरतात असंही तू विचारलं आहेस. गणितात बेरजेच्या चिन्हाखाली आय लिहायची पद्धत जुनीच होती. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रानमध्ये आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारी नावं पूर्णांकांची धरली जात, त्यामुळे क्रमांकासाठी आय घेणं सोपं पडे. ती सवय भाषा बदलल्या तरी टिकली. तू मात्र जमेल तिथे तारीख, ओळ, जागा असं अर्थ सांगणारं नाव दे.

प्रश्न : मॅडम, मी शिक्षक आहे. विद्यार्थी१ ते विद्यार्थी४० आणि गुण१ ते गुण४० अशी नावं काढून टाकून विद्यार्थी आणि गुण अशा दोन लिस्ट केल्या. खूप हलकं वाटलं. मग गुणानुक्रम लावायला गुण.सॉर्ट() केलं आणि सगळी गडबड झाली. चौतीस गुणांच्या मुलाच्या नावासमोर एक्काण्णव दिसू लागले.

उत्तर : सर, तुम्ही गुणांच्या लिस्टला रांग लावली, नावांची लिस्ट होती तशीच राहिली. दोन लिस्टमधला संबंध फक्त तुमच्या डोक्यात होता, क्रमांक सारखे म्हणून जोडी. एक हलली की जोडी तुटते. म्हणजे नावातला आकडा काढला तरी त्याच जातीचं दुखणं एक पायरी वर जाऊन बसलं. नाव आणि गुण एकत्र बांधा :

निकाल = लिस्ट(झिप(विद्यार्थी, गुण))
निकाल.सॉर्ट(की=लॅम्ब्डा जोडी: जोडी[१], रिव्हर्स=ट्रू)

झिप बॅगेच्या चेनच्या दातांसारखं काम करतं, इकडचा एक आणि तिकडचा एक. लॅम्ब्डाची ओळ सॉर्टला सांगते की जोडीतले गुण बघून रांग लाव, आणि रिव्हर्स=ट्रू म्हणजे मोठे गुण आधी. आता सॉर्ट होताना जोडी अख्खी हलते. सावध राहायची जागा एकच : एका लिस्टमध्ये चाळीस आणि दुसरीत एकोणचाळीस असतील तर झिप चाळिसावं नाव न सांगता सोडून देतं. पायथन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू असं सांगता येतं, मग लांबी जुळली नाही की एरर येते. मुलांच्या निकालाला ते लावाच. आणि हे सगळं करायच्या आधी मूळ क्रमाची फाइल जपून ठेवा, कारण सॉर्ट झालेल्या गुणांवरून मूळ क्रम परत आणता येत नाही.

एखाद्या मुलाचे गुण नावावरून पटकन बघायचे असतील तर डिक्ट(निकाल) केलं की डिक्शनरी मिळते. फक्त दोन मुलांची नावं सारखी असतील तर डिक्शनरीत दुसरं पहिल्याला पुसून टाकतं. म्हणून तिथे नावाऐवजी हजेरी क्रमांक वापरलेला बरा.

प्रश्न : फुली-गोळ्याचा खेळ लिहितोय. घर१ ते घर९ सोडून पट = [[०] * ३] * ३ केलं. पहिल्या ओळीत फुली ठेवली की तिन्ही ओळींत फुली उमटते. पायथनमध्ये दोष आहे का?

उत्तर : दोष नाही, पण या ठिकाणी जवळपास प्रत्येक जण एकदा पडतो. लिस्टच्या खोक्यात वस्तू नसते, वस्तूचा पत्ता असतो. आतलं [०] * ३ एकदाच बनलं, तीन घरांची एक ओळ. बाहेरच्या * ३ ने तिचा पत्ता तीनदा लिहिला. तुमच्या पटावर तीन ओळी दिसतात, पण ती एकच ओळ तीन दारांतून दिसते आहे. म्हणून पट[०][१] मध्ये ठेवलेली फुली पट[२][१] मध्येही दिसते.

पट = [[०] * ३ फॉर ओळ इन रेंज(३)]

असं लिहिलंत की दर फेरीला आतली ओळ नव्याने बनते. आतला * ३ तसाच ठेवला तरी चालतो, कारण तिथे पत्ता शून्याचा आहे आणि शून्य हे शून्यच राहतं, त्याच्या आत जाऊन कुणी काही बदलू शकत नाही. खात्री करायची तर पट[०] इज पट[१] छापून बघा. ट्रू आलं तर ओळ एकच, फॉल्स आलं तर वेगळ्या. जुना = पट असं लिहून पटाची 'प्रत' काढणाऱ्यांचंही असंच होतं. ती प्रत नसते, त्याच पटाचं दुसरं नाव असतं. चाल मागे घेण्याची सोय करणार असाल तर कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी घ्या, नाहीतर मागे घ्यायला मागचा पटच उरणार नाही.

प्रश्न : लिस्टमधली शून्यं काढायला लूप लिहिला : शून्य दिसलं की रिमूव्ह. [३, ०, ०, ५] मधून एकच शून्य गेलं. असं का?

उत्तर : लूप आतल्या आत जागांचे क्रमांक मोजत जातो. शून्याव्या जागी ३, ठीक. पहिल्या जागी ०, ते काढलं. काढल्याबरोबर मागचे सगळे एक घर पुढे सरकले, लिस्ट [३, ०, ५] झाली, आणि दुसरं शून्य आता पहिल्या जागी येऊन बसलं. पण लूप पहिली जागा बघून पुढे गेलेला. दुसऱ्या जागी ५, आणि संपलं. ज्या लिस्टवरून चालतोय तिच्यातलंच काढायचं नाही. हवं ते वेगळं निवडा : [म फॉर म इन यादी इफ म != ०].

प्रश्न : जावास्क्रिप्टमध्ये लिस्टवर फॉर-इन लावला आणि क्रमांकात एक मिळवला तर १ ऐवजी ०१ येतं.

उत्तर : फॉर-इन जागेचा क्रमांक संख्या म्हणून देत नाही, मजकूर म्हणून देतं, आणि मजकुरात १ मिळवला की तो शेजारी चिकटतो. लिस्टसाठी फॉर-ऑफ वापरा, २०१५ पासून भाषेत आहे, थेट किंमत हातात देतं.

प्रश्न : ताई, मागच्या अंकात तुम्ही लिस्टचा उल्लेख केला तेव्हापासून मी सगळंच लिस्टमध्ये घालतो आहे. खोक्याचं घनफळ काढायला माप = [लांबी, रुंदी, उंची] केलं. आता माप[१] म्हणजे काय हे मलाच आठवत नाही. माझं काही चुकतंय का?

उत्तर : हो, इथे लिस्ट नको होती. लांबी, रुंदी आणि उंची ही तीन वेगळी नावं आहेत आणि तिन्ही नावं काहीतरी सांगतात. तुम्ही ती पुसून तिथे ०, १, २ आणलेत, म्हणजे आधीच्या वाचकांनी केलं त्याच्या बरोबर उलट. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते : यात चौथं येऊ शकतं का? पावसाच्या नोंदीत उद्याची नोंद येणार, वर्गात एकेचाळिसावा मुलगा येऊ शकतो. खोक्याला चौथं माप येणार नाही. जिथे आणखी एक येऊ शकतं आणि सगळ्यांवर एकच क्रिया करायची आहे, तिथे लिस्ट. जिथे प्रत्येकाचं काम वेगळं, तिथे साधी नावं.

खोकी मात्र पुष्कळ असतील तर दोन्ही एकत्र येतात. प्रत्येक खोकं एक डिक्शनरी, 'लांबी', 'रुंदी', 'उंची' अशा किल्ल्यांची, आणि सगळी खोकी मिळून एक लिस्ट.

नावातले आकडे ही आळशीपणाची खूण आहे असं मात्र कुणी समजू नये. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक भाषा आणली, तेव्हा तिच्यात व्हेरिएबलचं नाव एक अक्षर किंवा एक अक्षर आणि एक अंक एवढंच असू शके. ए१, ए२ याखेरीज फारशी निवडच नव्हती. तरीही त्याच बेसिकमध्ये याद्या आणि कोष्टकं ठेवायची सोय होती, कारण कोणत्याही खऱ्या हिशेबाला ती लागतेच.

तुमचं घनफळ लांबी * रुंदी * उंची असंच राहू द्या. आणि जुनी स्क्रिप्ट उघडाल तेव्हा शेवटी आकडा असलेलं प्रत्येक नाव शोधून काढा. सुरुवात सगळ्यात लांब बेरजेच्या ओळीपासून करा, आणि लिस्ट केल्यावर जुनी बेरीज व नवी बेरीज शेजारी छापून बघा. उत्तरं जुळली नाहीत तर नव्या ओळीवर शंका घेण्याआधी जुन्या ओळीतली नावं पट्टी ठेवून वाचा.